रिकाम्या टाकीचं रीडिंग

उदगीरात मोंढ्याच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या, मागं महादेवप्पाची दालमिल आहे. आहे म्हणजे इमारत आहे. आतल्या चाळण्या कधीच भंगारात गेल्या, पट्ट्यांचे तुकडे उंदरांनी खाल्ले. शहाबादी फरशीच्या फटीत बोट घातलं तर मात्र अजून तुरीचा पिवळा भुगा निघतो. त्याच हॉलमधे सत्यम अँटेना तपासून राहिला होता.

मोंढ्यातल्या हमालांना याची लई गंमत वाटायची.

"कशाची हो अँटेना? डिशची का?"

"सूर्य तापवायची," सत्यम म्हणायचा.

"उदगीरचा सूर्य अजून तापवून काय लोकायला जित्तं भाजता का?"

सत्यम हसायचा, पण बोलला ते खोटं नव्हतं. गुजरातेत एक मोठी संस्था आहे. तिथं एका लोखंडी चेंबरात सूर्याच्या पोटात असतो तसला वायू पेटवतात. प्लाझ्मा म्हणतात त्याला. त्याला हात लावता येत नाही, त्याच्या खाली चूल पेटवता येत नाही. मग भिंतीला तांब्याच्या पट्ट्यांची अँटेना लावायची आणि रेडिओच्या लहरींनी तो लांबूनच तापवायचा. ह्या अँटेनाचा एक स्वभाव आहे. समोर ओढून घेणारं कुणी असलं तरच ती देते. समोर काही नसलं तर कोरड्या आडात पोहरा सोडल्यासारखं, रिकामा गेला आणि रिकामा आला. समोरचं किती ओढून घेतं त्याच्या आकड्याला सत्यम 'भार' म्हणायचा. समोरची वस्तू जितकी जवळ, जितकी ओली आणि खारी, तितका भार जास्त.

आता उदगीरात प्लाझ्मा कुठून आणणार? त्यावर जुनी युक्ती आहे. अँटेनासमोर मिठाच्या पाण्याची टाकी ठेवायची आणि तिलाच प्लाझ्मा समजायचं. काम एवढंच होतं. सत्यमनं कंप्युटरवर अँटेनाचं मॉडेल करून भार किती येईल ते आधी सांगायचं, मग खरी अर्ध्या मापाची अँटेना करून मशीननं मोजायचं. दोन्ही आकडे जुळले पाहिजेत. संस्थेतले सर मूळचे नाशिकचे, मोकळा माणूस. फोनवर म्हणाले होते, "जुळव, आणि ये. तुझं टेबल तयार आहे."

सत्यम मुदखेडकडचा. घरी हळद आणि केळी. इंजिनिअरिंग दुसऱ्या वर्षाला सोडलेलं. मॉडेलिंग शिकला ते व्हिडिओ बघून, फुकटातली सॉफ्टवेअरं उघडून-मोडून. डिग्री नसलेल्या पोराला असलं दार एकदा उघडलं तर उघडलं. परत उघडत नसतं, हे त्याला पक्कं माहीत होतं.

अँटेना ठोकली हमजानं. हमजा उदगीरचाच, त्याच्या घरात पिढ्यान् पिढ्या तांब्या-पितळेचं काम. आजोबा गावोगाव कल्हई करत फिरायचे. सत्यमचा तो जिगरी दोस्त.

"जुळलं तर खरी मोठी अँटेनाबी मीच करणार," हमजा म्हणायचा. "न्हाई जुळलं तर मी परत लग्नाच्या देगच्या ठोकणार आन् तू परत केळी मोजणार. समझा ना? म्हणून जुळव भाई."

मिलच्या माडीवर सत्यमची खोली होती. महादेवप्पांनी, म्हणजे अप्पांनी, ती राहायला दिली होती आणि अप्पांच्या बायकोनं, गुरम्मा काकूनं, त्याला जेवायला घातलं होतं. काकू कर्नाटकातल्या, भालकीकडच्या. हॉलच्या दारात सूप घेऊन डाळीतले खडे निवडत बसायच्या. मिल बंद असली तरी घरच्यापुरती डाळ त्या तिथंच येऊन निवडायच्या. एक मांडी घातलेली, एक गुडघा उभा. निवडलेल्या खड्यांचा उजव्या हाताला इवलासा ढीग. दारातून ऊन आत शिरायला लागलं की काकू उठायच्या नाहीत. बसल्या बसल्याच बूड सरकवत सावलीत यायच्या. दुपार कलायला लागली की हॉलच्या पार मधे पोचलेल्या असायच्या. सत्यम आणि हमजा तांब्याचे पत्रे घेऊन आले की ओरडायचे, "काकू, सरका की जरा." आणि काकू तेवढ्या वीतभर सरकायच्या, सुपावरची नजर न काढता.

चैत्रात काकू गेल्या. दुपारी छातीत दुखतंय म्हणाल्या आणि दवाखान्यात पोचायच्या आत संपलं. सत्यम त्या दिवशी नांदेडला होता, तिथल्या कॉलेजातल्या वर्षाराणी मॅडमकडून मोजायचं मशीन उसनं आणायला. तो परत आला तोवर मातीसुद्धा झाली होती. पुढं महिन्याभरात अप्पा मन रमेना म्हणून श्रीशैलला निघून गेले. जाताना किल्ल्यांचा जुडगा सत्यमकडं देऊन गेले.

त्यामुळं टाकीसाठी मीठ लागलं तेव्हा विचारायला कुणी नव्हतं. मीठ गोदामातच सापडलं. जाडं मीठ, दोन पोती, भिंतीला टेकवलेली, तोंडं शिवलेली. एकावर पांढऱ्या राखेची तीन बोटं ओढलेली होती. मालाची खूण असेल, सत्यमला वाटलं.

"अप्पाचं मीठ हाय," हमजा म्हणाला. "इचारायचं का फोनवर?"

"देवदर्शनाला गेलेल्या माणसाला मिठासाठी फोन करतो व्हय? आल्यावर नवी पोती आणून ठेवू."

दोघांनी ती टाकीत ओतली.

पहिलंच रीडिंग जुळलं नाही.

मॉडेल म्हणत होतं भार दोन. मशीन म्हणत होतं तीन. सत्यमनं पाण्यातलं मीठ परत मोजलं. पट्ट्यांचे जोड हमजाकडून परत झाळून घेतले. मॉडेलमधे अँटेनाचे बारीक बारीक चौकोन पाडलेले असतात, ते आणखी बारीक केले, लॅपटॉप तवा झाला. मॉडेल दोनावरून हललं नाही. मशीन मात्र हललं. तीनाचं सव्वातीन झालं.

वैतागून त्यानं टाकी रिकामी करायची ठरवली. सगळं खारं पाणी ड्रमात काढून, ड्रम अँटेनाच्या पाठीमागं पार कोपऱ्यात नेऊन ठेवले. आता अँटेनासमोर काही नव्हतं. कोरडी टाकी, मग मोकळी फरशी, मग दार. भार शून्याच्या जवळ यायला पाहिजे होता. पोहरा रिकामा यायला पाहिजे होता.

मशीननं सव्वा दाखवलं.

"म्हणजे काय?" हमजानं विचारलं.

"म्हणजे समोर कायतरी हाय. वलं. खारं."

हमजानं समोर पाहिलं. ज्येष्ठाचं ऊन दारातून फरशीवर आलेलं, त्यात धूळ तरंगत होती. "कुठं हाय?"

सत्यम वायरी तपासायला लागला. पत्र्यात, जमिनीत, भिंतीतल्या जुन्या वायरीत काहीतरी असणार. त्यानं हॉलची सगळी लाईन तोडली, लॅपटॉपच्या बॅटरीवर मोजलं. सव्वाच. मशीन बिघडलं असेल म्हणून ते मांडीवर घेऊन एसटीनं मुखेड, कंधार करत नांदेडला गेला.

वर्षाराणी मॅडमनी मशीन दुसऱ्या मशीनशी ताडून पाहिलं. "ठणठणीत आहे," त्या म्हणाल्या. "तू उलटं करून बघितलं का? मॉडेलमधे एक अनोळखी ठोकळा टाक. त्याचा आकार, त्याची जागा, सगळं मोकळं सोड. कंप्युटरलाच शोधू दे, कुठं काय ठेवलं तर तुझं रीडिंग येतं. रीडिंग मात्र एकच नको, अँटेना थोडी थोडी फिरवून पुष्कळ घे."

"ती घेतलीत मॅडम."

"मग लाव इथंच."

कॉलेजच्या लॅबमधे त्यांनी ते लावलं. मॅडमचे दोन तास घेऊन झाले, पोरांच्या वह्या तपासून झाल्या, तेव्हा उत्तर आलं. पडद्यावर अँटेना, समोर फरशी आणि फरशीवर एक करडा ठोकळा. खाली रुंद, वर निमुळता, एका बाजूला थोडा फुगलेला. उंची तीन फुटाच्या आत. जागा हॉलच्या दाराच्या जरा आत.

मॅडम चहाचा कप घेऊन पाठीमागून वाकल्या. "अगंबाई," त्या हसत म्हणाल्या, "हे कोण बसलंय?"

सत्यमला तोवर तो ठोकळाच दिसत होता. त्यानंतर मात्र ठोकळा दिसेना.

खाली रुंद ती मांडी होती. बाजूला फुगलं होतं तो उभा गुडघा होता.

"तुमच्याकडं कुणी बसतं का तिथं, मोजताना?" मॅडमनी विचारलं. "माणसाचं अंगही खारं पाणीच की."

"न्हाई मॅडम," सत्यम म्हणाला. "आता कुणी बसत न्हाई."

उदगीरला परत आल्यावर त्यानं हमजाला काही सांगितलं नाही. नुसतं दाराच्या आत जाऊन खाली वाकून पाहिलं. कोरड्या शहाबादीवर पांढरा खार फुलला होता. एका माणसाच्या बुडाएवढा गोल. त्यानं हातानं घासून तो पुसला. बोटं ओठाला लागली तेव्हा खारट लागलं.

दुसऱ्या दिवशीच्या दुपारी भार दीड झाला. मॉडेलनं ठोकळा जुन्या चाळणीच्या ओट्यापाशी दाखवला. दारापासून आत. खार आता तिथं होता. आणि खाराच्या उजव्या हाताला बारीक खड्यांचा इवलासा ढीग.

हमजानं तो पाहिला. तो खाली बसला, एक खडा उचलला आणि परत होता तिथंच ठेवला.

"सत्या," तो म्हणाला, "एक इचारू?"

"इचार."

"हे इतक्या दिसापून आपण दोघंबी दारातून आल्यावर भिंतीकडनं का फिरून येतो बे? मधून सरळ वाट हाय ना?"

सत्यमनं विचार केला. खरंच. पाण्याची कळशी घेऊन, पत्रा घेऊन, नुसता चहा घेऊनसुद्धा ते भिंतीच्या कडेनं यायचे. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. दारात बसलेल्या माणसाला ओलांडून जात नाहीत, तसे ते जात होते.

"ह्ये बंद कर यार," हमजा म्हणाला.

"बंद करून काय करू? महिनाअखेरीला रिपोर्ट द्यायचा हाय. जुळल्याशिवाय काय देऊ? समोर कोणतरी बसलंय म्हणून लिहू?"

"देगच्या ठोकून बी माणूस जगतो."

"तू जगतोस. मला तर तेबी येत न्हाई."

त्यानंतर हमजा हॉलमधे एकटा थांबेनासा झाला.

अप्पा आले ते असंच एका संध्याकाळी, न सांगता. हातात श्रीशैलच्या प्रसादाची पुडी. दोघांना प्रसाद दिला, अँटेना बघितली, "तांबं झकास उजळलंय की रे हमजा," म्हणाले. मग त्यांची नजर ड्रमांवर गेली. ड्रमांवर झाकण म्हणून रिकामी पोती टाकली होती. अप्पांनी एक पोतं उचललं. राखेची तीन बोटं अंगठ्यानं चाचपली.

"ही कुठं भेटली?"

"गोदामात अप्पा. मीठ पायजे होतं. तुमाला सांगणारच होतो, नवी आणून..."

अप्पा तिथंच ड्रमाला टेकून खाली बसले. मोंढ्यातून हमालांची हाळी ऐकू येत होती.

"आमच्यात माणसाला आडवं न्हाई करत, सत्यम," मग ते म्हणाले. "बसवतात. खड्ड्यात कोनाडा करून मांडी घालून बसवायचं, आन् इभूत आन् मीठ भरायचं, पार गळ्यापोत्तर. तिच्यासाठी तीन पोती नेली होती. पण खाली काळा पाषाण लागला. खड्डा काही खोल जाईना, दिवस मावळायला लागला, स्वामी म्हणले आता उरका. एकाच पोत्यात भागवलं." त्यांनी पोत्याची घडी घातली. "राहिलेली दोन तिथंच राहू द्या म्हणलो होतो म्या. कुणीतरी ट्रॉलीत टाकून परत आणली वाटतं. मला तवा कशाची सुद होती."

"अप्पा, आमाला खरंच..."

"तुमचं काय चुकलं न्हाई. पण तिच्या नावानं नेलेलं घरला येत नसतं. येऊ नये. उद्या सकाळी सगळं नेऊन तिला देऊ. ड्रमातलं पाणीबी. पुसलेली फडकीबी."

"उद्याच?" सत्यमच्या तोंडून निघून गेलं. "अप्पा, दोन-चार दिस थांबला असता तर..."

अप्पांनी त्याच्याकडं पाहिलं. रागानं नाही. "तिला किती दिस अर्धवट बसवून ठिवू रे?"

हमजानं मान खाली घातली. अप्पा काठी टेकत घराकडं गेले.

मगरिबची बांग झाली. "मी नमाज पढून येतो," हमजा म्हणाला. "तोवर तू ह्ये सगळं आवर. मोजू नको आता. कसम हाय तुला."

सत्यम हो म्हणाला.

हमजाच्या गाडीचा आवाज गल्लीत विरला तसं त्यानं मशीन चालू केलं. उद्या मीठ जाणार. नवं मीठ आणलं तर सगळी रीडिंगं पहिल्यापासून, आणि महिनाअखेर तोंडावर आलेली. जे मोजायचं ते आताच. त्यानं ड्रमातलं पाणी बादली-बादलीनं टाकीत परत भरलं. अँटेनाच्या मागं स्टुलावर बसला.

दारात अजून उजेड होता. हॉलमधे नव्हता.

भार आला साडेतीन. अजून वाढला होता.

त्यानं अँटेना फिरवून रीडिंगं घेतली. टाकी बाजूला ओढून परत घेतली. एका बाजूची केबल ताणली जात होती, म्हणून उठला, केबलचं वेटोळं उचललं, आणि हात भरलेले असले की जे तोंडातून निघायचं तेच निघालं.

"काकू, सरका की जरा."

बोलल्यावर त्याला कळलं.

हॉल शांत होता. तो केबल धरून तसाच उभा राहिला.

मग पडद्यावरचा आकडा हलला.

साडेतीनाचा पावणेचार. चार. चार आणि थोडं.

काकू सरकल्या होत्या. पण बाजूला नाही.

त्यानं समोर पाहिलं नाही. स्टुलावर बसला, लॅपटॉप मांडीवर घेतला, आणि फक्त पडद्याकडं बघत राहिला. ओठ खारट झाले होते. कंप्युटरनं या वेळी फार वेळ घेतला नाही. ठोकळा अँटेनासमोर ऐंशी सेंटीमीटरवर निघाला. टाकीच्या कडेला लागून. तोंड त्याच्याकडं.

ठोकळा काढला की मॉडेल चुकत होतं. ठेवला की प्रत्येक रीडिंग जुळत होतं. एक न् एक. आयुष्यात त्याचं काही इतकं जुळलं नव्हतं.

अनोळखी ठोकळा फाईलीत कायमचा ठेवायचा तर त्याला नाव द्यावं लागतं. चौकट रिकामी सोडली तर प्रोग्रॅम पुढं जात नाही.

सत्यमनं थोडा वेळ विचार केला.

मग 'काकू' टाईप केलं आणि फाईल गुजरातेला पाठवून दिली.

सत्यमनं रात्रीच परत भरून ठेवलेले ड्रम टेम्पोत घालून सकाळी तिघं गावाबाहेर रुद्रभूमीत गेले. काकूंच्या समाधीवर अजून नुसतीच माती होती, एका अंगानं खचलेली. स्वामींनी काहीतरी म्हटलं. अप्पांनी पहिल्या दोन बादल्या स्वतः ओतल्या. बाकीचं पाणी सत्यम आणि हमजानं ओतलं. माती ते पाणी भराभर पीत होती, एवढ्या उन्हात तहानलेल्या माणसासारखी. रिकामी पोती, फडकी, खड्यांचा तो ढीगसुद्धा, हमजानं रुमालात बांधून आणला होता. सगळं अप्पांनी मातीत पुरलं.

मग ते कंबर धरून उठले. "सत्यम," ते म्हणाले, "तिचं आता तुझ्याकडं काही राहिलं न्हाई ना?"

हमजा सत्यमकडं बघत होता.

"न्हाई अप्पा," सत्यम म्हणाला. "काही न्हाई."

"बघ हां. जरा इचार करून सांग."

"सगळं दिलं अप्पा."

अप्पांनी समाधीला हात जोडले. "मग कुंद्रु बाई," ते काकूंच्या भाषेत म्हणाले. बस आता.

त्या दुपारी सत्यमनं हॉलमधे परत मोजलं. रिकामी टाकी, मोकळी फरशी, दार. भार शून्याला टेकला. पोहरा रिकामा गेला, रिकामा आला. फरशीवर खार नव्हता. हमजा दारातून सरळ मधून चालत आला, टाकीपाशी पोचून दोन्ही हात पसरून उभा राहिला, आणि दोघं कितीतरी दिवसांनी पोट धरून हसले.

पंधरवड्यानं सरांचा फोन आला. सत्यम माडीवर बॅग भरत होता. बोलावणं पक्कं होतं, गाडीचं तिकीट काढलेलं होतं. हमजा खिडकीत बसून त्याच्यासाठी आणलेली खारी बिस्किटं स्वतःच खाऊन राहिला होता.

"सत्यम, अभिनंदन रे," सर म्हणाले. "तुझं मॉडेल आम्ही इथल्या खऱ्या अँटेनाला लावून पाहिलं. फार सुंदर जुळतंय. एकच विचारायचं होतं. त्यात 'काकू' नावाचा एक ठोकळा आहे. कशाचं संक्षिप्त रूप आहे का ते?"

सत्यमच्या हातातला शर्ट हातातच राहिला.

"सर, तो इथल्या हॉलपुरता होता. भिंतीचा परिणाम होता जरा. तुमी काढून टाका तो."

"तेच तर. काढला की जुळतच नव्हतं. गंमत म्हणजे आमच्या चेंबरात समोर काहीच नाहीये. पाणी नाही, टाकी नाही. हवासुद्धा ओढून काढलेली. तरी ठोकळा लागतोच. फक्त तू ऐंशी सेंटीमीटर लिहिलंय. आम्हाला परवा साठ निघालं. काल वीस."

खाली गल्लीत अप्पांच्या काठीचा आवाज आला, गेला. सत्यमला त्यांना हाक मारावीशी वाटली. पण हाक मारून सांगणार काय? मीठ तर देऊन झालं होतं. पोती, पाणी, खडे, सगळं मातीत गेलं होतं. आता परत द्यायला हातात काही उरलंच नव्हतं.

"आणि आज, सर?" त्यानं विचारलं.

"आज मजा झाली," सर म्हणाले. "आज ठोकळा काढून टाकला तरी जुळतंय. गेलं बघ ते, जे काय होतं ते. अँटेनासमोर आता काही नाही."

सत्यमनं श्वास सोडला. भिंतीला पाठ टेकून खाली बसला. हमजानं खुणेनंच विचारलं, काय झालं? त्यानं हातानंच सांगितलं, काही नाही, चांगलं आहे.

"मग निघतोयस ना उद्या?" सर म्हणाले. "ये लवकर. तुझं टेबल लावून ठेवलंय, अँटेनाच्या बरोब्बर मागं, म्हणजे तुला सारखं उठायला नको. खुर्ची तेवढी दुसरी देतो. या खुर्चीवर सकाळपासून कसला तरी पांढरा खार धरतोय. पोरं पुसतात, तर परत फुलतोय."